सहा पूर्णांक चार

सोमवार, तीन तारीख

ती. ताईस,

बारकीचा नमस्कार. भाऊजींनाही आहे, पण हे पत्र त्यांनी तुझ्याआधी फोडलं असेल तर त्यांचा परत घेतला.

तुझी चारही पानं पोचली. कुंड्यांतली रोपं, शेजारणीचं मांजर, भाऊजींचं घोरणं, सगळं दोनदा वाचलं. फोन करत नाही म्हणून तू रागावलीस, तेही वाचलं. अगं, मी नुसतं "हॅलो" म्हटलं तरी तू विचारतेस, "काय झालंय?" काही झालेलं नसतं, पण तू विचारलंस की मलाच संशय यायला लागतो. पत्रात निदान शहाण्यासारखं बोलता येतं.

शेवटी तू लिहिलंयस, "तुझं अक्षर हल्ली अगदी बाबांसारखं होत चाललंय. बघून बरं वाटलं." मला हसू आलं. पेन बदललंय, दुसरं काही नाही. जुनं कुठेतरी विसरले, आणि हे नवं फार गुळगुळीत आहे, बोटांत ठरतच नाही. बाय द वे, बाबांचं कुठलं अक्षर म्हणतेस तू? दुरुस्तीच्या घड्याळांना चिठ्ठ्या बांधायचे त्यावरचं, की नंतरचं? सहज विचारलं.

काम जोरात चाललंय. तू दरवेळी विचारतेस की नक्की करतेस काय, आणि मी दरवेळी काहीतरी सांगून मोकळी होते. तर ऐक. शिवणकाम करणाऱ्या बायका आमच्याकडे येतात. त्यांना खुर्चीत बसवायचं, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोन पोलादी पट्ट्या द्यायच्या आणि म्हणायचं, दाबा. समोर स्क्रीनवर एक रेघ दिसते. ती सरळ ठेवायची. पहिलं मिनिट सगळ्याजणी हसत असतात. मग रेघ थरथरायला लागते, मग खांदा वर येतो, मग दात आवळले जातात, आणि मग रेघ बसते. ती कधी आणि कशी बसते, यावर आमचं पोट चालतं. थकवा स्नायूत किती असतो आणि मेंदूत किती, हे शोधायचं. कालच्या एका बाईंनी तर मला सुनावलं, "घरी येऊन बघा की, तिथे फुकट दिसेल."

सकाळी प्रयोगशाळा उघडली की आमची एक रीत आहे. पहिला दाब माझा. मी पूर्ण जोर लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. अकरा वर्षं माझा आकडा सहा पूर्णांक चार किलो. सर्दी असो, उपाशी असो, सहा पूर्णांक चार. म्हणून यंत्रवाले काका मला "वजनमाप बाई" म्हणतात. पाहुणे आले की सर मला मुद्दाम दाबून दाखवायला लावतात. मला आवडतं ते. माझ्यात मिरवण्यासारखं दुसरं आहे काय?

सध्या काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर आहेत, आठ महिने झाले, आणि त्यांच्यामागे यंत्रानं नखरे सुरू केलेत. महिन्या-सव्वा महिन्यानं आकडा खाली उतरतो. सहा पूर्णांक तीन, सहा पूर्णांक एक. मग मी मागची किल्ली जराशी फिरवून त्याला जागेवर आणते. जुनं झालंय बिचारं. काका गुरुवारी येतायत, ते कान धरतील त्याचा.

बाकी ठीक. हो, एक गंमत कर. कपडे वाळत घालायचा चिमटा असतो ना, तो अंगठा आणि तर्जनीच्या कडेनं दाबून उघडा धर आणि आकडे मोज. किती येतात ते कळव. दोन्ही हातांनी. नुसती गंमत, आमच्याकडे सगळ्यांच्या घरच्यांनी केली.

पत्र आखूड आहे, घाईत आहे.

तुझी,
बारकी

&nbsp;

शुक्रवार, सात तारीख

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र. नमस्कार-चमत्कार तूच मनात घालून घे.

काल काका आले. काठी टेकत आले, सगळ्यांना गुडघा दाखवून झाला, आणि मग त्यांनी कपाटातून वजनं काढली. पितळी वजनं, त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. यंत्र खरं बोलतंय का हे बघायची खरी रीत ती. पट्टीला वजन टांगायचं आणि स्क्रीनवर तेवढंच येतंय का बघायचं. ते रजेवर गेल्यापासून ते काम मी करायचं ठरलं होतं. मी केलं नाही. कशाला करायचं? माझा हात होता ना.

काकांनी पाच किलोचं वजन टांगलं. स्क्रीनवर आलं, सहा पूर्णांक चार.

काकांनी चष्मा पुसला. वजन काढलं, परत टांगलं. तेच. म्हणाले, "बाई, यंत्र कुणीतरी चढवून ठेवलंय."

मी म्हटलं, "मी."

"का?"

मी वही पुढे केली. आठ महिन्यांत सात वेळा किल्ली फिरवली होती मी. प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि माझ्याच अक्षरात शेरा: यंत्र उतरले, दुरुस्त केले. त्यांनी सगळी पानं शांतपणे वाचली. मग यंत्र वजनाला वजन लावून जागेवर आणलं आणि पट्ट्या माझ्यापुढे सरकवल्या. "दाबा."

पाच.

"पुन्हा."

चार पूर्णांक नऊ.

"पुन्हा."

चार पूर्णांक सात. डाव्या हातानं दाबलं तर सहाच्या वर. काका वजनं पुसत म्हणाले, "आज गारठा आहे जरा." गारठा नव्हता, ताई. पंखा चालू होता.

तू म्हणशील, दीड किलो जोर गेला आणि तुला कळलं नाही? अकरा वर्षं शिकतेस तरी काय? तर हेच शिकते. मेंदू फार लबाड आहे. एक स्नायू कमी पडला की तो शेजारच्याला कामाला लावतो, त्याला जमलं नाही तर मनगटाला, मग खांद्याला, आणि मालकाला पत्ता लागू देत नाही. मी यावर व्याख्यान देते. स्लाइड आहे माझी त्याची, वर एक विनोदही टाकलाय. गेल्या हिवाळ्यापासून कुलूप उघडताना मी अख्खं अंग वळवते, कामावरच्या कोटाची वरची दोन बटणं लावतच नाही, आणि जुनं पेन मी विसरले नाही, ते हातातून सारखं पडायचं म्हणून कचऱ्यात टाकलं. सगळं मला माहीत होतं. आणि काहीच माहीत नव्हतं. दोन्ही खरं आहे.

तुझं ते वाक्य मी खिशात घेऊन फिरत होते. "अगदी बाबांसारखं." बाबांचं कुठलं अक्षर, हे तुला विचारलं खरं, पण मला माहीत होतं कुठलं. माझ्याकडे त्यांचं शेवटचं पोस्टकार्ड आहे. काल घरी येऊन तुला लिहायला घेतलेलं एक अर्धवट पान त्याच्याशेजारी ठेवलं. उभ्या रेघा तशाच तुटलेल्या. वेलांट्या तशाच मध्येच सोडून दिलेल्या. मग मी दोन्ही पालथी घातली आणि चहा केला, आणि तो न पिता ओतून दिला.

तुला आठवतात ते चिमटे? बाबांच्या घड्याळाच्या दुकानातले, बारीक स्क्रू उचलायचे? बाबांच्या हातातून स्क्रू निसटायला लागले तेव्हा त्यांनी चिमटा बदलला. मग दुसरा बदलला. तिसऱ्याला तर दुकानदाराशी भांडून आले, हल्ली पोलादच भेसळीचं येतं म्हणून. तू मला हे पत्रात लिहिलं होतंस आणि आपण दोघी किती हसलो होतो. मी आठ महिने यंत्राची किल्ली फिरवली, ताई. सात वेळा.

आज सकाळी सरांना सांगितलं. आठ महिन्यांत सेहेचाळीस बायका येऊन गेल्या, आणि त्या सगळ्यांचा जोर आमच्या कागदावर खऱ्यापेक्षा जास्त लागलाय. त्यांच्या कारखान्यात मधली सुट्टी किती ठेवायची, ते आमच्या आकड्यांवरून ठरणार होतं. मला वाटलं ओरडतील. ते वही चाळत म्हणाले, "तारखा नीट आहेत. काही हरकत नाही, आकडे दुरुस्त करता येतील." आणि मग माझ्या हाताकडे बघून त्यांनी वही मिटली.

मला भीती वाटते. सरळ लिहिते, कारण आडून लिहून पाहिलं आणि जमलं नाही. खूप भीती वाटते. मी दर तासाला माझा हात बघते. अंगठ्यामागचा तो उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी धरून बघते, की उजवा बसलाय का. कधी वाटतं बसलाय, कधी वाटतं उजेड बरोबर नाही. दंडावर काहीतरी उडतं. डास असेल म्हणून बघते, तर डास नसतो.

आणि तो चिमटा. ताई, ती गंमत नव्हती. आमच्याकडे कुणाच्याही घरच्यांनी केलेली नाही. बाबांचा तो स्नायू झिजवत नेणारा आजार बहुतेक घरांत पुढे जात नाही, पण थोड्या घरांत जातो, आणि आपण कुठल्या घरातले हे मला ठाऊक नाही. माझं काय व्हायचं ते होवो, पण तुझ्याकडे आलाय का हे मला कळायलाच हवं होतं, आणि तुला न सांगता कळायला हवं होतं. म्हणून तुला फसवलं. करू नकोस. केलं असशील तर मला कळवू नकोस. नाही, कळव. लगेच कळव.

बुधवारी, एकोणीस तारखेला, सुईची तपासणी आहे.

बारकी

(हे पान तीन बैठकांत लिहिलंय. पहिल्या बैठकीचं अक्षर चांगलं आहे ना? तेच माझं समज.)

&nbsp;

बुधवार, एकोणीस तारीख, दुपार

ती. ताईस,

तुझं पत्र काल आलं. फोडायला अर्धा तास लावला. आधी भांडी घासली, मग कपडे घड्या केले. आणि आत काय, तर "उजव्या हातानं दोनशेपर्यंत मोजले, मग दूध उतू जायला लागलं म्हणून सोडलं. डाव्यानं दीडशे, मग कंटाळा आला. चिमटा शेजारणीच्या मांजराच्या शेपटीला लावायची इच्छा झाली, पण लावला नाही." मी खाली बसले आणि रडले. मांजराच्या शेपटीला, ताई! तू ठणठणीत आहेस. कंटाळा येणं ही आमच्या शास्त्रात फार उत्तम खूण आहे.

पुढचा परिच्छेद मात्र परत परत वाचला. तुझ्याकडे माझी सगळी पत्रं आहेत, तू ती काढून ओळीनं जमिनीवर मांडलीस, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यापर्यंत, गेल्या हिवाळ्यातल्या पत्रांपर्यंत, आल्यावर भाऊजींना हाक मारलीस. भाऊजींनी पत्रं गोळा केली. तू लिहिलंस, "मला बरं वाटलं असं तुला लिहिताना मी काय बघत होते, देव जाणे." स्वतःला बोल लावू नकोस. तुला बाबा आठवले, एवढंच. तू लिहिलं नसतंस तर मी अजून किल्ली फिरवत बसले असते.

आता आजचं सांगते. डॉक्टर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. तिला माहीत होतं मी काय काम करते, म्हणून जास्तच अदबीनं वागत होती. ही तपासणी आमच्याकडेही असते. बारीक सुई स्नायूत घालतात, तिची तार स्पीकरला जोडतात आणि ऐकतात. माणसानं हात सैल सोडला की निरोगी स्नायू गप्प असतो. अगदी गप्प. जोर लावला की मग खडखडतो. इतकी साधी गोष्ट आहे. मी ती शेकडो वेळा ऐकलीय, दुसऱ्यांची.

पाय केले. शांत. डावा हात शांत. पाठ, जीभ, सगळं शांत. जिभेत सुई म्हणजे काय ते लिहीत नाही, भाऊजी जेवायला बसले असतील. मग ती उजव्या हाताकडे आली. कोपराखाली शांत. मग अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात सुई गेली, आणि मी पाहिलं, तिचा दुसरा हात स्पीकरच्या बटणाकडे निघाला.

ती आवाज बंद करत होती. मला कळू नये म्हणून.

मी म्हटलं, "आवाज राहू द्या."

"मॅडम, नुसत्या आवाजावरून काही ठरत नाही, तुम्हाला तर—"

"माहीत आहे मला. राहू द्या."

तिनं हात मागे घेतला. टिक, टिक, टिक. एकसारखी, न चुकता. मी हात सैल सोडला होता, ताई. काहीच करत नव्हते. दुपारी बाबा घरी जेवायला आले की आपण दुकान राखायला जायचो, तेव्हा आत कुणी नसायचं आणि भिंतीभर घड्याळं आपली आपण चाललेली असायची, तसं. माझ्याच हातात चाललं होतं ते. मला पळून जावंसं वाटलं, पण सुई होती.

डॉक्टरनं नाव घेतलं नाही. एका हाताच्या एका स्नायूवरून घेता येत नाही. मानेत शीर दबली असली तरी असं होतं म्हणाली. मानेचा फोटो काढायचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा सुई. ती "मान" म्हणाली तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. केवढी छान गोष्ट आहे मान! जिन्यावरून उतरेपर्यंत मी मानेवर जीव टाकत होते. मग खाली येऊन टॅक्सीचं दार उघडताना अंग वळवलं आणि आनंद गेला. मान असू शकते. खरंच असू शकते. पण आठ महिने सगळा दोष यंत्राला दिला, आता तो मानेवर टाकून तीन महिने झोपून काढायचे नाहीत. जे असेल ते असेल असं मी म्हणू शकत नाही, तेवढी मी धीट नाही. पण आकडा खरा लिहीन. आज सकाळचा चार पूर्णांक सहा.

आता ते, जे मी तुला अकरा वर्षं सांगितलं नाही.

बाबांच्या शेवटच्या महिन्यात मी चार दिवस आले होते. तू अजून म्हणतेस, चारच दिवस, आणि पाचव्या दिवशी पहाटे बॅग उचलून गेलीस. कामाचं निमित्त होतं. काम नव्हतं. मी नुकतीच या प्रयोगशाळेत लागले होते, आणि येताना हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन आले होते, आठवतं? तुला वाटलं, किती अभ्यासू. मला त्यांच्या हातांकडे बघवत नव्हतं, ताई. यंत्र मध्ये असलं की बघता यायचं. रोज सकाळी मी ते त्यांच्या हातात द्यायची, ते दाबायचे, आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखे विचारायचे, "किती आले गं?" शून्य पूर्णांक आठ यायचे. मी सांगायची, "दोन." दुसऱ्या दिवशी शून्य पूर्णांक सात. मी सांगितलं, "सव्वादोन." तुला आत हाक मारून ते सांगायचे, वाढले बघ. तू पदरानं डोळे पुसायचीस आणि मला वाटायचं मी पुण्याचं काम करतेय.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तू स्वयंपाकघरात होतीस. मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांना तेव्हा बोलायला फार वेळ लागायचा, म्हणून ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पांघरुणातून हात बाहेर काढला. किती वेळ लागला त्यांना त्याला. माझ्यापुढे उघडा धरला.

मी त्यात यंत्र ठेवलं.

त्यांनी ते दाबलं नाही. धरूनही ठेवता आलं नाही, ते गादीवर पडलं. त्यांनी हात तसाच उघडा ठेवला. मग मला कळलं, आणि कळूनही मी उठले आणि यंत्र पुसून पेटीत भरत बसले. पहाटे निघून गेले ती त्यामुळे. ते माझ्यावर रागावले नव्हते, त्यांनी मान हलवून निरोपही दिला. म्हणून जास्त त्रास होतो.

हात थांबलाय. जरा वेळानं लिहिते.

हं. आले. तू विचारलंयस, मी निघून येऊ का. या पत्राच्या सुरुवातीलाच मी "नको" लिहिणार होते, तेवढंही लिहिलं नाही मी, टाळलं. ये. भाऊजींना दूध तापवायला शिकव आणि ये. माझ्याकडे एकच उशी आहे, ती तुला. कोटाची वरची दोन बटणं लावून दे, रोज सकाळी, आणि माझ्याकडे बघून रडू नकोस, निदान पहिल्या दिवशी. चिमटे, वजनं, आकडे काही विचारू नकोस. आणि स्टेशनवर मी हात पुढे केला, तर तुझी पिशवी घ्यायला केलाय असं समजू नकोस. त्यात काही ठेवू नकोस.

वाट बघतेय.

तुझी, घाबरलेली,
बारकी